इम्युनॉलॉजीत जायचंय, पण बसायचं कुठे?

पत्र : मी अहमदपूर तालुक्यातली. बारावीला आहे आणि नीटसाठी लातूरला खोली करून राहते. माझ्या मावशीला ल्युपस आहे. तिला दर तीन महिन्यांनी हैदराबादला न्यावं लागतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की तिची रोगप्रतिकारशक्तीच तिच्या शरीरावर उलटली आहे. तेव्हापासून मला इम्युनॉलॉजिस्ट, म्हणजे प्रतिकारशक्तीची तज्ज्ञ, व्हायचंय. पप्पा म्हणतात, आधी एमबीबीएसला नंबर तर लागू दे. क्लासमध्ये म्हणतात, प्रतिकारशक्तीच्या धड्यावर प्रश्न दोन-तीनच येतात, फार वेळ घालू नको. यासाठी एमबीबीएसच लागतं का? नीटमध्ये नाही जमलं तर दार बंद होतं का? आणि शिकून मराठवाड्यात परत आले तर काम असेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर :

तू तीन प्रश्न विचारलेस, पण उत्तर चौथ्यापासून सुरू करावं लागेल. तुझ्यासमोर दिवसभर काय असावं असं तुला वाटतं? मावशीसारखा रुग्ण, त्याच्या रक्ताची नळी, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी? तिन्ही ठिकाणी बसणारा माणूस इम्युनॉलॉजीचंच काम करतो, पण तिघांचं शिक्षण वेगळं, परीक्षा वेगळ्या आणि संध्याकाळी घरी जातानाचा थकवाही वेगळा. हे तुला आज ठरवायची गरज नाही. मात्र फरक आजच माहीत असू दे, कारण चुकीच्या दारातून आत गेलं की परत फिरायला पाच-सहा वर्षं लागतात.

आधी रुग्णाची वाट, कारण पत्रावरून तुझा ओढा तिकडे दिसतो. तिला एमबीबीएस लागतंच, पर्याय नाही. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. शासकीय महाविद्यालयातून शिकलीस तर त्यापुढे एक वर्षाची बंधपत्रित सेवा. मग नीट-पीजी देऊन तीन वर्षांचं एमडी, बहुतेक जण जनरल मेडिसिन घेतात, मुलांच्या आजारांकडे जायचं असेल तर बालरोग. त्यानंतर सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांचं डीएम. या डीएमचं पूर्ण नाव ‘क्लिनिकल इम्युनॉलॉजी अँड ऱ्हुमॅटॉलॉजी’, काही ठिकाणी नुसतं ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’. लखनौचं संजय गांधी पीजीआय आणि पुदुच्चेरीचं जिपमर ही यातली जुनी, भक्कम नावं; लहान मुलांच्या इम्युनॉलॉजीसाठी चंडीगडच्या पीजीआयकडे पाहतात. जिपमर, चंडीगड, एम्स यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते, बाकीच्यांसाठी नीट-एसएस. हिशोब केलास तर डीएम हातात येईतो तिशी ओलांडलेली असेल. तयारीत एखादं वर्ष जातं, तेही धरूनच चाल. घरी हे आत्ताच मोकळेपणानं सांग. एमडी आणि डीएम करताना विद्यावेतन मिळतं, म्हणजे ही सगळी वर्षं पप्पांच्या खिशावर नाहीत, हेही सांग.

एक बारीक गोष्ट. बाहेरच्या पाटीवर ‘इम्युनॉलॉजिस्ट’ फारसं दिसत नाही. ‘ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट’ किंवा ‘संधिवाततज्ज्ञ’ असं लिहिलेलं असतं, आणि ल्युपसही तेच बघतात. त्यामुळे कुणी ‘असा डॉक्टर असतो का?’ म्हणून हसलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

या वाटेवर हमखास होणारी चूक म्हणजे डीएम डोक्यात ठेवून मधलं एमडी कसंबसं उरकणं. ल्युपसचा रुग्ण ‘मला ल्युपस झालाय’ असं सांगत येत नाही. एक गालावरचा चट्टा घेऊन त्वचाविभागात बसलेला असतो, दुसरीच्या पायावर सूज असते आणि लघवीत प्रथिनं जात असतात, तिसरी प्लेटलेट कमी झाल्या म्हणून डेंग्यूच्या वॉर्डात पडलेली असते. हे तिघं एकाच आजाराचे आहेत हे ओळखायची नजर मेडिसिनच्या वॉर्डातल्या रात्रपाळ्यांमध्ये तयार होते. संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर, इथल्या शासकीय रुग्णालयांची ओपीडी त्यासाठी फार चांगली शाळा आहे. मोठ्या शहरातच गेलं पाहिजे असं एमबीबीएससाठी तरी अजिबात नाही.

आता रक्ताच्या नळीची वाट. मायक्रोबायॉलॉजी, पॅथॉलॉजी किंवा रक्तपेढीशी निगडित इम्युनोहिमॅटॉलॉजी यात एमडी. नीट-पीजीत या जागा मेडिसिनपेक्षा बऱ्याच कमी गुणांवर मिळतात, म्हणून लोक त्यांना हलकं समजतात. हा समज किती चुकीचा आहे हे एका साध्या तपासणीवरून बघ. विडाल. टायफॉईडसाठीची रक्ततपासणी. तुझ्या गावात ताप आलेल्या निम्म्या माणसांनी ती केलेली असेल.

काचेच्या पट्टीवर रुग्णाच्या सीरमचे (गोठलेल्या रक्तावरच्या पिवळसर पाण्याचे) थेंब घेतात : ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर. प्रत्येकात टायफॉईडच्या जंतूंपासून बनवलेल्या अँटिजेनचा (शरीर ज्याला परकं म्हणून ओळखतं तो पदार्थ) एकेक थेंब टाकतात, काडीनं मिसळतात आणि पट्टी एक मिनिट हलवत राहतात. सीरममध्ये त्याविरुद्धची अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीनं बनवलेलं प्रथिन) असेल तर दुधासारखं द्रावण फुटल्यासारखं दिसतं, बारीक गुठळ्या होतात. जितक्या कमी सीरमला गुठळी, तितक्या अँटिबॉडी जास्त : ८० मायक्रोलिटरला गुठळी म्हणजे १:२०, ४० ला १:४०, आणि ५ ला झाली तर १:३२०. एवढंच तंत्र. आता त्यात काय काय बिघडतं ते बघ. एक मिनिटाऐवजी चार मिनिटांनी बघितलं, तर थेंबाच्या कडा सुकतात आणि ते सुकणंच गुठळीसारखं दिसतं. मे महिन्यात पंख्याखाली हे फार लवकर होतं. अँटिजेनची बाटली फ्रीजबाहेर राहिली, तर निकालाचा भरवसा राहत नाही.

पण सगळ्यात मोठी चूक तंत्रात नाही, अर्थ लावण्यात आहे. विडाल जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. आपल्याकडे अनेकांच्या रक्तात जुन्या संसर्गाच्या नाहीतर लसीच्या अँटिबॉडी आधीच असतात. म्हणून एकदाच आलेल्या १:८० वरून आजचा ताप टायफॉईडचाच आहे असं म्हणता येत नाही. सात ते दहा दिवसांच्या अंतरानं दोन नमुने घेऊन आकडा चौपट वाढला, तर त्याला वजन आहे. पहिल्या आठवड्यात खरी मदत ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची) होते, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घेतलं तर. रिपोर्टवर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ न लिहिता त्याखाली दोन ओळींचा अर्थ लिहिणारा आणि वॉर्डातल्या डॉक्टरला फोन करून ‘कल्चर पाठवा’ सांगणारा मायक्रोबायॉलॉजिस्ट गावोगावी उगाच घेतली जाणारी अँटिबायोटिक्स थांबवतो. हे काम इम्युनॉलॉजीचंच आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याची नड फार मोठी आहे.

तिसरी वाट पेशींची, म्हणजे संशोधनाची. इथे एमबीबीएसची सक्ती नाही. बारावीनंतर आयसर या केंद्राच्या विज्ञानसंस्थांची स्वतःची प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचं बीएस-एमएस करता येतं. पुण्यातलं आयसर त्यातलंच. किंवा लातूर-नांदेडलाच चांगल्या महाविद्यालयातून बीएस्सी, मग बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी किंवा लाइफ सायन्सेसमध्ये एमएस्सी. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलीस आणि मूलभूत विज्ञान निवडलंस, तर इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८०,००० रुपये मिळू शकतात. नीटमध्ये पहिल्या दहा हजारांत येऊनही जो मूलभूत विज्ञानाकडे वळतो, त्यालाही ती लागू होते. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ ही पाठ्यवृत्तीची परीक्षा निघाली की पीएचडीला सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं, त्यापुढे पोस्टडॉक. काम कुठे चालतं? दिल्लीचं राष्ट्रीय इम्युनॉलॉजी संस्थान, पुण्यातली एनसीसीएस (पेशींवर काम करणारी) आणि एनआयव्ही (विषाणूंवर काम करणारी), मुंबईत केईएमच्या आवारातलं राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थान. पुण्यातल्या लसनिर्मितीत गुणवत्ता तपासणीची कामंही याच शिक्षणावर मिळतात. आपल्याच राज्यात काय घडलंय ते बघ : रुग्णाच्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) काढून, त्यांच्यात बदल करून रक्ताच्या कर्करोगावर परत सोडणारी पहिली देशी कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिली, आणि २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तर ज्या पेशी प्रतिकारशक्तीला स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू देत नाहीत, त्यांच्या शोधाला मिळालं. रेग्युलेटरी टी-पेशी. मावशीच्या आजाराच्या फार जवळचा विषय आहे हा.

या वाटेची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. इम्युनॉलॉजीत एमएस्सी-पीएचडी केलेल्याला रुग्णावर उपचार करता येत नाहीत. औषध लिहिता येत नाही. मावशीसमोर खुर्ची टाकून बसायचं असेल तर ही वाट तुझी नाही. उलट दिशेनं मात्र दार उघडं आहे : एमबीबीएस किंवा एमडी करून पीएचडीला जाता येतं, आणि दोन्ही जाणणारी माणसं देशात थोडी आहेत.

नीट नाहीच जमली तर? परीक्षा किती वेळा द्यावी यावर बंधन नाही. पण तिसऱ्यांदा देण्याआधी गुण नेमके कुठे जातात ते कागदावर मांड. जीवशास्त्राचे ३६० पैकी गुण चांगले आहेत आणि फिजिक्समध्येच अडतंय, असं असेल तर मागच्या वर्षीसारखीच तयारी आणखी एक वर्ष करून हाती फारसं लागत नाही. बीएएमएसला प्रवेश मिळतोय म्हणून ‘पुढे इम्युनॉलॉजीत जाऊ’ असं कुणी सांगितलं तर नीट समजून घे : बीएएमएसवरून एमडी मेडिसिन किंवा हे डीएम करता येत नाही. आयुर्वेद शिकायचा असेल तर आयुर्वेदासाठी शीक, वळसा म्हणून नको.

नीटच्याच गुणांवर मिळणारी एक वाट मात्र तुझ्या अगदी दाराशी आहे आणि तिकडे कुणी बघत नाही. उदगीर आणि परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. तुझ्या घरी गाय-म्हैस व्यायली असेल तेव्हाचं आठव. वासराला जन्मतः आईकडून अँटिबॉडी मिळालेल्याच नसतात, कारण गायीची वार त्या आत जाऊ देत नाही. माणसाच्या बाळाला त्या पोटात असतानाच मिळतात. वासराचा सगळा आधार चिकावर. तोही पहिल्या सहा तासांत, वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटरपर्यंत. आतड्याची अँटिबॉडी शोषायची दारं पहिल्या दिवसातच बंद होत जातात. ‘वार पडल्याशिवाय पाजायचं नाही’ म्हणून वासराला बांधून ठेवलं, किंवा पहिला चीक खरवसाला काढला, की पुढच्या आठवड्यात ते हगवणीनं जाऊ शकतं. हे इम्युनॉलॉजीच आहे. लम्पी, लाळ्या-खुरकूत, ब्रुसेल्ला यांच्या लसींचं कामही तिथूनच पुढे जातं.

परत आलीस तर काम आहे का, हा तुझा शेवटचा प्रश्न. कामाला तोटा नाही. पावसाळ्यात बांधावर गाजर गवत माजतं, आणि चेहरा, मान, पापण्या, कोपरांच्या खोबणी काळवंडून खाजवत असलेले शेतकरी त्वचाविभागात येऊ लागतात. त्या गवतातलं पार्थेनिन हे रसायन त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि टी-पेशी त्यावर तुटून पडतात. प्रतिक्रिया एक-दोन दिवसांनी उठते, त्यामुळे परवाच्या खुरपणीशी आजची खाज कुणी जोडत नाही. पाठीवर पॅच चिकटवून ४८ तासांनी, आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघितलं की कारण उघडं पडतं. कुष्ठरोगात जंतू एकच, पण एकाला एखाद-दुसरा बधिर चट्टा आणि दुसऱ्याच्या सगळ्या अंगावर गाठी. फरक जंतूत नसून माणसाच्या प्रतिकारशक्तीत असतो. साप चावल्यावर देतात ती ‘लस’ (खरं तर प्रतिविष) म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषाविरुद्ध घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी. घोड्याचं प्रथिन असल्यामुळे काहींना तिचीच तीव्र ॲलर्जी येते, म्हणून शेजारी अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवतात.

आणि एक नाजूक विषय. आपल्याकडे आत्या-मामाच्या मुलांत लग्नं होतात. दोघांतही तेच सदोष जनुक असलं तर बाळाला जन्मजात प्रतिकारशक्ती नसल्याचा आजार होऊ शकतो. असं बाळ सारखं न्यूमोनियानं, हगवणीनं आजारी पडतं, वजन धरत नाही, तोंडात बुरशी जात नाही. बीसीजीची (क्षयरोगाच्या लशीची) जागा बहुतेकांची काही आठवड्यांनी फुगते, फुटते आणि दोन-तीन महिन्यांत वण ठेवून भरते. या बाळांची भरत नाही, काखेत गाठी येतात आणि लशीतले जंतूच अंगभर पसरू शकतात. ‘घरात आधीचं एखादं मूल असंच गेलं होतं का?’ हा एक प्रश्न विचारून, साध्या सीबीसीतली, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतली, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या बघून, बाळाला वेळेत मुंबईला पाठवणारा डॉक्टर जिल्ह्यात असणं किती मोलाचं आहे, याचा विचार कर. तो बालरोगतज्ज्ञ असला तरी पुरे, डीएम असायलाच हवा असं नाही.

आता आज काय करायचं. क्लासवाले म्हणतात ते गुणांच्या हिशोबानं खरं आहे, तो धडा छोटा आहे. त्याला जास्त तास देऊ नकोस, पण पाठांतरही करू नकोस. ‘सक्रिय आणि निष्क्रिय प्रतिकारशक्ती’ हे दोन शब्द घोकण्यापेक्षा हा प्रसंग लक्षात ठेव : शेतात गंजकं लोखंड खोल रुतलंय आणि आधीची इंजेक्शनं झालेली नाहीत. डॉक्टर एका दंडात अर्धा मिली टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) देतात आणि दुसऱ्या ठिकाणी २५० युनिट टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन. दोन का? इम्युनोग्लोब्युलिन आयतं, लगेच काम करतं, काही आठवड्यांत संपतं. टीडीमुळे शरीर स्वतः शिकतं, त्याला वेळ लागतो, पण ते टिकतं. वेगवेगळ्या जागी का? आयत्या अँटिबॉडी लशीला तिथल्या तिथे अडवू नयेत म्हणून. एवढं समजलं की धड्यातलं निम्मं पाठ करावं लागत नाही.

परीक्षा झाल्यावर सुट्टीत गावच्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी सिस्टरांची परवानगी घेऊन एक सकाळ नुसतं बघत बस. बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमधून काढल्या की त्या लगेच डब्यात ठेवत नाहीत. कानाशी हलवून आत पाणी वाजतंय का ते बघतात. आपल्या ४२ अंशांच्या उन्हाळ्यात सगळ्यांना उष्णतेची भीती असते, आणि पोलिओच्या थेंबांसाठी ती खरीही आहे. पण पेंटाव्हॅलंट आणि टीडी यांना गोठण्याचा धोका जास्त. त्यांच्यात ॲल्युमिनियमचं मीठ असतं, अँटिजेन त्याला चिकटलेलं असतं आणि त्यामुळेच प्रतिकारशक्ती जागी होते. गोठलं की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि लस निकामी होते. अशी शंका आली तर बाटली हलवून, जाणूनबुजून गोठवून वितळवलेल्या दुसऱ्या बाटलीशेजारी ठेवतात. अर्ध्या तासात तळाशी गाळ कुणात आधी बसतो, ते बघतात.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी मायक्रोबायॉलॉजीत हा विषय पुरता भेटेल. तेव्हा आयसीएमआरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या दोन महिन्यांच्या संशोधन योजनेची जाहिरात बघत राहा. त्यात बहुतेकांचं गाडं दोन ठिकाणी अडतं : नैतिकता समितीची मंजुरी उशिरा मागतात आणि विषय अवाढव्य घेतात. ‘मराठवाड्यातील ल्युपस’ दोन महिन्यांत होत नाही. ‘आपल्या रुग्णालयात वर्षभरात विडाल पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांचं ब्लड कल्चर पाठवलं होतं’ हा होतो. तुमच्या रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या केंद्रात) सीडी४ पेशी मोजायची तपासणी होते तीही जाऊन बघ. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ते रक्त कुणी चांगल्या हेतूनं फ्रीजमध्ये ठेवलं तर पेशी बिघडून आकडा चुकतो. अशा चुका जो आधी बघतो, तो पुढे रिपोर्ट वाचताना फसत नाही.

राहिली मावशी. तिची परवानगी घेऊन एक वही कर : तारीख, वजन, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन, सीबीसी आणि चालू गोळ्या. ल्युपसमध्ये किडनी न दुखता बिघडते, म्हणून लघवीचा रिपोर्ट महत्त्वाचा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू असेल तर चट्टे गेले म्हणून ती गोळी आपणहून बंद करू देऊ नकोस, आजार उसळण्याचं ते नेहमीचं कारण आहे. डॉक्टर सांगतील तेव्हा डोळ्यांची तपासणी करून घ्या. ऊन तिला बाधतं, शेतात जायचंच असेल तर सकाळी लवकर, पूर्ण बाह्या आणि डोक्यावरून पदर. एखाद्या निरोगी शेजारणीचा एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी) कमी आकड्यानं पॉझिटिव्ह आला आणि ती घाबरून तुमच्याकडे आली, तर तिला लक्षणं नसताना नुसत्या त्या कागदावरून ल्युपस होत नाही हे सांग. पुढच्या खेपेला हैदराबादला जाताना वही मावशीच्या पिशवीत राहू दे, आणि जमलं तर तूही सोबत जा.